हाताला ठरवू द्या

पडद्यावर सगळ्यांच्या रेघा खाली आल्या होत्या आणि एकच नारिंगी रेघ वर चढून बसली होती. सूत्रसंचालिका म्हणाली, "आणि या रेघेच्या मालकीण आहेत जयाताई," तेव्हा ही जया कोण म्हणून मीसुद्धा मान वळवून मागे पाहिलं. मागे काळा पडदा होता. अंधेरीच्या त्या स्टुडिओत आम्ही घाटकोपरच्या एकाच वॉर्डातले मतदार तीन रांगांत बसलो होतो. समोर महापालिकेला उभे असलेले तीन उमेदवार होते. आमच्या प्रत्येकाच्या मांडीवर एकेक छोटं यंत्र दिलं होतं. उमेदवार बोलत असताना त्याचं गोल बटण आपण फिरवायचं आणि कोण किती आवडतंय ते पडद्यावर रेघेत उमटायचं. माजी नगरसेवक चंद्रप्रकाश बोलायला लागले की बाकीच्यांच्या रेघा खाली घसरायच्या आणि माझी हट्टी बकरीसारखी डोंगर चढायची. बाईने माझ्या तोंडासमोर माइक धरला. "जयाताई, सगळ्यांपेक्षा वेगळं मत. चंद्रप्रकाशजी तुम्हाला इतके आवडले?" मी रेघेकडे पाहिलं. गेली दोन वर्षं चहात साखर कमी झालीय की जास्त हेसुद्धा मला कुणी सांगितल्यावर कळतं. यंत्राला कळत असेल तर मी कोण नाही म्हणणारी. मी म्हटलं, "असेल." लोक हसले. चंद्रप्रकाशने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. याच्या हातामुळे माझा नवरा मेला असं माझी मुलगी रोज म्हणते, आणि तेच हात जोडून तो मला नमस्कार करत होता. त्याने मला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा, अंबादासच्या मयताला तो आला नव्हता, माणसं पाठवली होती.

कुणी मला तिथे ओढून नेलं नव्हतं. गल्लीत एक मुलगी हातात टॅब घेऊन घरोघर फिरत होती. कुणाला मत द्यायचं ठरवलंय का असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं, तर तिने खुशीत टाइप केलं आणि म्हणाली, तुम्ही तटस्थ, आम्हाला असेच मतदार हवे आहेत. तटस्थ हा शब्द मला आवडला. दोन वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं सभ्य बोललं नव्हतं. तीन उमेदवारांत चंद्रप्रकाश असणार हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी गेले. समोरासमोर पाहिल्यावर मला काही होतं का, एवढंच मला बघायचं होतं. राग, रडू, मळमळ, काहीही चाललं असतं. कारण अंबादास गेल्यापासून मला काही झालेलंच नाही. मी रडले नाही. हॉस्पिटलात सही केली, दादरच्या स्मशानात नेलं, आलीगेली माणसं जेवली का ते पाहिलं, आणि आठवडा झाल्यावर पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर जाऊन बसले. तिथे मी नावं पुकारते आणि लिफाफे देते. कधीकधी एखादी बाई लिफाफा तिथेच फोडते आणि भिंतीला टेकते. मी पुढचं नाव पुकारते. आधीही पुकारायचे, पण आधी तिला पाणी विचारायचे. घरात संताप होता, पण तो सगळा माझ्या मुलीचा, प्रियंकाचा. संध्याकाळी ती रस्त्यात चंद्रप्रकाशचं बॅनर बघून आली की संतापलेली असायची आणि मी तिच्या संतापाला जेवायला वाढायचे. एकदा तिने ताट सरकवलं आणि म्हणाली, "तू दगड आहेस मम्मी. पप्पा तुझे कोणी नव्हतेच जणू." मी ताट उचललं आणि घासून ठेवलं. तिच्या-माझ्यात आता बोलण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे तो माणूस. ती त्याला शिव्या द्यायची आणि मी हूं म्हणायचे. त्या हूंवर आमचं घर चाललं होतं.

अंबादास वायरमन होता. तोंडाने मी त्याला कधी नावाने हाक मारली नाही, 'अहो'च म्हणायचे. मनात मात्र अंबादास म्हणायचे आणि अजून म्हणते. जयंतीची रोषणाई, लग्नाचे मांडव, मंडळांचे देखावे, सगळीकडे तोच असायचा. आमच्या चाळीखालच्या मैदानात चंद्रप्रकाशच्या नावाने प्रकाशझोतातली कबड्डी स्पर्धा होती. मैदानाच्या चार कोपऱ्यांना बांबूचे मनोरे, त्यावर मोठे दिवे. तीन मनोरे झाले होते आणि अंबादास चौथ्यावर चढून वायर जोडत होता. खाली मेन स्विचपाशी त्याचा जोडीदार मिथुन उभा होता. पाहुण्यांना यायला अवकाश होता, पण चंद्रप्रकाश लवकर आला. स्टेजवर चढला आणि त्याने हात वर केला. मिथुनने मला तीनदा तो हात करून दाखवला. "असा वर नेला वहिनी, आणि असा फिरवला. मला वाटलं, लाईट लावा म्हणतायत." मिथुनने मेन वर केला. मैदान उजळलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी घरात मेथी निवडत बसले होते. खिडकीतून एकदम उजेड आला, मेथीची पानं दिसायला लागली, आणि मी मनात म्हटलं, झालं याचं काम. नंतर मला ती मेथीच आठवत राहिली. चौकशीत चंद्रप्रकाशने सांगितलं की मी लोकांना नमस्कार म्हणून हात दाखवला, दिव्याबिव्याचं मला काही माहीत नव्हतं. ते खरंही असू शकेल. पुढारी दिवसातून शंभर वेळा हात वर करतात, कुठला कशासाठी ते कुणी सांगावं. सगळं मिथुनवर आलं. तो आता आरे कॉलनीच्या बाजूला रिक्षा चालवतो आणि मी दिसले की रिक्षा वळवून घेतो. प्रियंकाने मात्र तो हात धरून ठेवला. टीव्हीवर, बॅनरवर, मोबाइलवर, जिथे चंद्रप्रकाशचा हात वर गेलेला दिसेल तिथे ती म्हणायची, बघ, बघ, हाच.

स्टुडिओत मला पहिली जाणवली ती थंडी. केयूर नावाचा घाटकोपरचाच एक गुजराती तरुण आम्हाला यंत्र समजावत होता. त्याला प्रत्येक बाई आंटी होती. "आंटी, एकदम सोपं आहे. पंख्याचा रेग्युलेटर असतो ना, तसं समजा. उमेदवार आवडला तर फास्ट करा, नाही आवडला तर स्लो. विचार नाय करायचा हां. विचार केला की माणूस खोटं बोलतो. हाताला ठरवू द्या." मग दिवे मालवले, फक्त उमेदवारांवर उजेड राहिला आणि आमच्या मांडीवरची यंत्रं दिसेनाशी झाली. मी हात बटणावर ठेवला आणि विसरून गेले. आधी सर्वेश नावाचा नव्या पक्षाचा पोरगा बोलला. तो इतका नीट बोलला की मला शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. पाण्याचा प्रश्न आला की त्याची भुवई वर जायची, कचऱ्याचा आला की दुसरी. प्रांजल नावाची बाई होती, वकील. ती ऐकताना मान हलवायची आणि समोरचा चुकला की डोळे मिटून घ्यायची, माझी मोठी नणंद घेते तसे. मला ती बरी वाटली. म्हणजे वाटली असावी. आणि चंद्रप्रकाश. बॅनरवर तो दोन मजली असतो, म्हणून की काय, खुर्चीत तो फारच छोटा दिसत होता. केस काळे केलेले, पण कानाजवळ रंग पोचला नव्हता. पँटची कड वर सरकून मोजा दिसत होता आणि मोज्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं. मी त्याच्याकडे बघत बसले आणि आत काही होतंय का याची वाट पाहत राहिले. आगगाडीची वाट बघावी तशी, वाकून. काही येत नव्हतं. तो गल्लीतल्या दिव्यांबद्दल बोलत होता, किती खांब लावले ते सांगत होता, आणि माझ्या मनात येत होतं ते एवढंच की याची बायको याचे मोजे बघत नाही वाटतं. मध्येच वर कुणीतरी दिवा हलवला आणि त्याचा झोत थेट चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत गेला. तो क्षणभर थांबला, डोळे बारीक केले आणि पुन्हा खांबांवर आला. पुढचं मला फारसं ऐकू आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर केयूर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "आंटी, तुम्ही एकदम हटके. सगळे इकडे तर तुम्ही तिकडे. चॅनलवाले खूश आहेत." त्याने मला एक सँडविच जास्त दिलं.

परतीच्या गाडीत सगळे मोकळे झाले. आत बसून बटणं फिरवली ती वेगळी माणसं आणि ही वेगळी असं वाटावं इतके. माझ्या शेजारी द्रौपदीबाई बसल्या होत्या, पंतनगरच्या, तोंडात तीळ भिजत नाही अशा. "तो सर्वेश काय बोलला काय माहीत, पण मला त्याचे दात आवडले," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. दात स्वच्छ म्हणजे माणूस सकाळी वेळेवर उठतो." मागून एक गृहस्थ म्हणाले की प्रांजल बाई हुशार आहे पण हसत नाही, बाईमाणसाने हसायला नको का. द्रौपदीबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी गेल्यावर बायको हसते का बघा आधी." साकीनाक्याला गाडी अडकली आणि गप्पा वाढल्या. कुणाला सर्वेशचं घड्याळ महाग वाटलं होतं. कुणाला प्रांजलचा आवाज रेडिओवरच्या बाईसारखा वाटला होता. कुणी काय बोललं हे मात्र कुणीच सांगत नव्हतं, आणि मलाही आठवत नव्हतं. मग द्रौपदीबाईंनी मला कोपर मारलं. "आणि तू गं? त्या चंदूत काय बघितलंस एवढं? दहा वर्षं होता, माझ्या गल्लीतलं गटार तेवढं फुटलं. आणि तू त्याला डोक्यावर घेतलंस." मी म्हटलं, "मोजा." त्या इतक्या हसल्या की पुढच्यांनी वळून पाहिलं. मी बाहेर बघत राहिले. मेट्रोच्या खांबांवर त्याचीच चित्रं होती, प्रत्येकात हात वर. यंत्राचं खरं असेल तर मग माझं काय, असं मला वाटत होतं. हाताला ठरवू द्या म्हणाला तो मुलगा, आणि हाताने ठरवलं होतं. मी दोन वर्षं आत राग शोधत होते, तो तिथे नव्हता हे मला माहीतच होतं. पण त्याच्या जागी हे निघेल असं वाटलं नव्हतं. कदाचित आतून सगळं वाहून गेलं की माणूस समोर दिसेल त्याला आवडून घेत असेल. मला स्वतःची किळस यायला हवी होती, तर मी तीही शोधून पाहिली. असल्फ्याच्या वळणावर द्रौपदीबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो उघडला आणि माझ्यापुढे धरला. चंद्रप्रकाशचं बोलणं, खाली आमच्या रेघा आणि शेवटी मी, एवढा तुकडा चॅनलने आधीच टाकला होता. मी त्यात गळ्यातल्या ओळखपत्रासकट बसले होते आणि म्हणत होते, असेल. तेव्हा मात्र मला काहीतरी झालं. ती भीती होती आणि ती प्रियंकाची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आमची खोली डोंगराच्या उतारावर आहे. पायऱ्या चढून वर गेले तर दार उघडं होतं आणि पंखा लागलेला होता. जानेवारीतसुद्धा आमच्याकडे संध्याकाळी पंखा लागतो. आम्ही त्याखाली शाली पांघरून बसतो. शेजारीण हसते. कारण असं की दिवस कलला की खालच्या मैदानात पोरं कबड्डीचा सराव करतात, आणि पंखा मोठा असला की ते ऐकू येत नाही. हे आम्ही एकमेकींना कधी बोललो नाही. प्रियंका पलंगावर बसली होती, बाजूला तिची ऑफिसची मोठी बॅग, त्यात कपडे भरलेले. फोन मांडीवर पालथा.

"आत्याकडे चाललेय मुलुंडला," ती म्हणाली. "राहायला."

"किती दिवस?"

"हेच विचारशील तू. किती दिवस. का जातेस नाही विचारणार." तिचा आवाज चढला नव्हता, आणि मला तेच वाईट वाटलं. "मला ऑफिसातल्या पोरीने पाठवला व्हिडिओ. तुझी मम्मी टीव्हीवर, झकास, म्हणाली. मी उघडला. मम्मी, तुला माहीत होतं तो तिथे येणार?"

"होतं."

"मग गेलीस कशाला?"

"बघायला. मला काही वाटतं का ते."

"आणि वाटलं. आवडला." तिने फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. "मला वाटायचं, तू शॉकमध्ये आहेस. आत्याला पण मी तेच सांगायची, मम्मी आतल्या आत ठेवते, एक दिवस फुटेल. दोन वर्षं थांबले मी. काय फुटलं, तर असेल. यार मम्मी, नाही तरी म्हणायचं होतंस. खोटं म्हणायचं होतंस."

यंत्र खोटं बोलतंय म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. माझ्या आत तेव्हाही काही नव्हतं आणि आताही नव्हतं. ती बॅगेची चेन लावायला लागली. चेन अडकली. ती ओढत राहिली आणि मला दिसलं की ही आता जाणार आणि परत येणार नाही. आली तरी पाहुणी म्हणून येईल, आणि मग या घरात हूं म्हणायलाही कुणी राहणार नाही. तेवढ्यात खालच्या मैदानातून शिट्टी ऐकू आली. पंख्याच्या आवाजातूनसुद्धा आली. रोजच्या सवयीने मी उठले आणि पंखा वाढवायला रेग्युलेटरवर हात ठेवला. हात डावीकडे फिरला. पंखा वाढला.

मी तिथेच उभी राहिले. हात तसाच.

आमचा रेग्युलेटर उलटा आहे. अंबादासने तो कुर्ल्याच्या भंगारातून आणला होता, कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीचा. डावीकडे फिरवला की पंखा वाढतो, उजवीकडे फिरवला की मंदावतो आणि शेवटी टक् करून बंद होतो. साऱ्या घाटकोपरला उजेड देणाऱ्या माणसाच्या घरात दिव्याखाली अंधार, असं मी त्याला चिडवायचे, आणि तो म्हणायचा, उद्या बदलतो. तो उद्या प्रियंकाच्या बालवाडीपासून चालला होता. नव्या माणसाने हात लावला की फसायचा. आम्ही तिघं कधी फसलो नाही, आणि उलटं आहे हे विसरूनच गेलो होतो.

"प्रियंका," मी म्हटलं, "तो मुलगा म्हणाला, पंख्यासारखं समजा. आवडला तर फास्ट, नाही आवडला तर स्लो."

"मग?"

"मी त्याला स्लो करत होते."

ती आधी माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे, मग रेग्युलेटरकडे बघत राहिली. तिने फोन उचलला. व्हिडिओ लावला, थांबवला, आणि फोन हातात उलटा केला. चंद्रप्रकाश डोकं खाली करून लटकला. नारिंगी रेघ, जी सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती, ती तळाला गेली. पार तळाला, जिथे त्याच्या नावाची पट्टी असते तिथे.

"शून्य," प्रियंका म्हणाली. "मम्मी, तू त्याला शून्य दिलंस. याच्या खाली जातच नाही. बाकी कोणी एवढं खाली गेलंच नाहीये. हे बघ ना, सगळे बावळट कुठेतरी मध्ये आहेत. तू पूर्ण टोकाला नेलंयस." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने माझं मनगट पकडलं, ते अजून रेग्युलेटरवरच होतं. "टोकाला नेऊन दाबून ठेवलंयस तू. आणि टीव्हीवर म्हणतेस असेल. काय बाई आहेस तू."

मला बरं वाटलं. मला बरं वाटतंय हे मला कुणी न सांगता कळलं. आत शोधून सापडला नव्हता तो राग हातात होता. तिथे मी पाहिलंच नव्हतं. ती माझ्या खांद्याला टेकून फोन उलटा धरून पुन्हा पुन्हा बघत होती. तिला आई सापडली होती आणि मला ते तसंच राहू द्यावंसं वाटत होतं. चहा टाकावा, बॅग रिकामी करावी, एवढ्यावर ती संध्याकाळ संपली असती.

"पण मग इथे काय?" ती म्हणाली.

तळाला गेलेल्या रेघेत एके ठिकाणी एक उभा कोंब वर आला होता. बारीक, पण उंच. बाकीच्या रेघा तिथे जागच्या हलल्या नव्हत्या. कुणाला काही दिसलंच नव्हतं.

"इथे तू त्याला एकदम फास्ट केलंस," प्रियंका म्हणाली. तिने माझं मनगट सोडलं. "इथे आवडला तुला तो. का?"

हाताला चुकून धक्का लागला असं मी सांगू शकले असते. तिने मानलंही असतं, तिला मानायचंच होतं. मी म्हटलं, "फोन सरळ कर. तिथून लाव. त्याचं तोंड बघू नकोस, हात बघ."

तिने लावलं. चंद्रप्रकाश खांबांबद्दल बोलत होता. वरचा दिवा हलला आणि झोत त्याच्या डोळ्यांत गेला. त्याने डोळे बारीक केले आणि वरच्या माणसाला दिवा बाजूला घे असं सांगायला हात उचलला. सगळ्यांचा जातो तसाच सहज गेला तो वर. खांद्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग त्याने तो हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरला. वर बघून काही बोलला नाही. तो झोत तसाच डोळ्यांत घेऊन, पाणी आलेल्या डोळ्यांनी तो खांबांची संख्या सांगत राहिला.

प्रियंकाने पुन्हा लावलं. पुन्हा हात वर गेला, थांबला, खाली आला.

"वरती दिव्यापाशी माणूस होता," मी म्हटलं. "त्याला त्याने हात केला नाही."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिने हातावर व्हिडिओ थांबवला.

"म्हणजे त्या दिवशी केला होता," ती म्हणाली. "लाईटसाठीच केला होता. नमस्कार नव्हताच तो."

"हं."

"आणि त्याला माहितेय."

"त्याच्या हाताला माहितेय."

"आणि तू त्याला फास्ट केलंस." ती आता माझ्याकडे बघत होती. "माफ केलंस का तू त्याला?"

"नाही गं." मी पलंगावर बसले, तिच्या बॅगेला टेकून. "माफ कसलं. दोन वर्षं सगळे मला सांगतायत, नशीब, अपघात, व्हायचं होतं. चौकशीवालेही तेच म्हणाले. मिथुन तोंड लपवतो. मला वाटायला लागलं होतं की तुझे पप्पा असेच गेले, कुणाच्याच लक्षात न राहता. आणि तिथे तो हात थांबला. एवढ्या सगळ्यांत त्याला आणि मला दोघांनाच कळलं की का थांबला. मला बरं वाटलं त्या वेळी. आठवणारं आणखी कुणीतरी आहे म्हणून."

"मी आहे ना," प्रियंका म्हणाली. ती लहान मुलीसारखं बोलली. "मी आठवते रोज."

"तू त्याला आठवतेस," मी म्हटलं. "पप्पांना कुठे."

मला तसं बोलायचं नव्हतं. मी फक्त पाहिलेलं सांगितलं होतं. फोन बॅगेवर ठेवून ती उठली आणि भिंतीपाशी गेली. रेग्युलेटरवर हात ठेवून थोडा वेळ नुसतीच उभी राहिली, तो तिच्या वडलांचा खांदा असावा तशी. मग तिने तो उजवीकडे फिरवला. पंखा मंदावला, पाती दिसायला लागली, आणि टक् करून बंद झाला.

खालून आवाज वर आला. कुणीतरी एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडच्या अंगणात शिरलं होतं. त्याचा दम आम्हाला इथे ऐकू येत होता, बारीक होत जाणारा, तरी न तुटणारा. पोरं ओरडत होती. तो रेघेपर्यंत परत आला की नाही ते कळलं नाही. शिट्टी वाजली आणि मैदानावरचे दिवे लागले. खिडकीतून उजेड एकदम आत आला आणि प्रियंकाच्या पाठीवर पडला. ती वळली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले. मी त्या उजेडाकडे बघत मनात म्हटलं, झालं याचं काम. आणि मग मला रडू आलं.